दम लागला की इतिहास

डोंगर चढताना दम लागला की साधी माणसं "दम लागला" म्हणतात आणि बसतात. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला ती सोय नसते. तो चढाच्या मध्यावर थांबतो, कमरेवर हात ठेवतो, लांबच्या एखाद्या कड्याकडे बोट करतो आणि म्हणतो, "तुला सांगतो, १६४६ मध्ये..." पुढचं वाक्य श्वास परत आल्याशिवाय येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, माणूस शिवकाळात हरवला.

आमचे मित्रवर्य या पंथाचे. त्यांच्याबरोबर मी राजगड-तोरणा-रायगड हा भटक्यांमधला मानाचा पल्ला पायी पुरा केला. राजगडावरून डोंगराच्या सोंडेने तोरणा, तोरण्यावरून घाटमाथ्याने मोहरी-सिंगापूर, तिथून नाळेने खाली कोकणात आणि मग रायगड. पन्नाशी ओलांडलेल्या दोन माणसांना हे कसं जमलं, असं लोक विचारत नाहीत, विचारायला हवं. मित्रवर्य विचारण्याची वाट न बघता सांगत सुटतात आणि त्यांच्या हकिकतीत मी "जरा मागे पडायचा बिचारा" असा असतो. म्हणून ही दुसरी बाजू.

खरं कारण फार साधं आहे. "परत जाऊ या" हे वाक्य आधी कोणी उच्चारायचं यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

तयारी महिनाभर चालली होती. लांबच्या चालीत पाठीवरचा ग्रॅम न् ग्रॅम मोजावा लागतो, असं मित्रवर्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. टॉवेलचा रुमाल केला. छापून आणलेल्या नकाशाचे कोरे समासही कात्रीने उडवले. निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी डिंकाचे लाडू, चकल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि वाटेत कुठे तोंडाला चव नसली तर म्हणून शेंगदाण्याची चटणी काचेच्या बरणीत भरून दिली. मी बरणी हातात घेऊन पाहिली.

"अरे, चटणी पिशवीत काढून घे की. बरणी कशाला?"

"तू सांग तिला."

मी सांगितलं नाही. तिन्ही गडांची यात्रा त्या बरणीला घडली.

स्वारगेटहून एसटीने मार्गासनी आणि तिथून गुंजवणे गाठलं. गावातून चोर दरवाज्याने राजगडावर जायची वाट आधी रानातून आणि मग अशी उभी निघते की चढणाऱ्याचं नाक आणि वाट यांच्यात फारसं अंतर राहत नाही. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मित्रवर्य थांबले.

"या डोंगराचं मूळ नाव मुरुंबदेवाचा डोंगर."

"बरं."

"हं." श्वास. "तोरण्यावर सापडलेल्या धनातून." श्वास. "हा बांधला, असं म्हणतात."

पुढच्या वळणावर सईबाई वारल्या. त्याच्या पुढच्या चढाला १६७० साल उजाडून राजारामांचा जन्म झाला. आधाराला लोखंडी रेलिंग लावलेला कातळ लागला तोवर राजधानी रायगडाला हललीसुद्धा होती आणि आम्ही मात्र राजगडाच्या चोर दरवाज्याखालीच लोंबकळत होतो.

मला इतिहास येत नाही. मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं; म्हणजे कॉलेजात नव्हे, त्या वाटेवरच घेतलं. सह्याद्रीत कारवी सगळीकडे असते, ही माझ्यासारख्यांची निसर्गाने केलेली सोयच म्हणायची.

"थांब, ही बघ. कारवी. सात वर्षांनी एकदा फुलते."

"आत्ता फुललीय?"

"नाही."

"मग बघायचं काय?"

"न फुललेली बघ. बहुतेक वर्षं ती अशीच असते."

हे त्यांना पटलं. पटलं म्हणजे त्यांनाही थांबायचं होतं. दिवसभरात आम्ही किती कारव्या पाहिल्या याचा हिशेब नाही. एकदा घाईत मी करवंदीच्या जाळीलाही कारवी म्हणालो, पण मित्रवर्यांनी हरकत घेतली नाही. त्यांनीही मघाशी पुरंदरचा तह दहा वर्षं अलीकडे आणला होता आणि मी सोडून दिलं होतं. मैत्रीत एवढं सांभाळून घ्यावं लागतं.

पद्मावती माचीवरच्या देवळात मुक्काम केला. तिथे आधीच एक मोठा गट पथाऱ्या पसरून होता. मध्यरात्रीपर्यंत त्यांची गाणी, मग घोरणं, आणि पहाटे चार वाजता सुवेळा माचीच्या नेढ्यातून सूर्योदय बघायचा म्हणून कोणीतरी लावलेला गजर. त्या गजराने अख्खं देऊळ उठून बसलं. ज्याचा गजर तो तेवढा झोपून राहिला. उठलोच आहोत तर निघू या, असं म्हणत आम्ही अंधारात चहा केला, आणि तिथे गडावरचं एक पिवळं कुत्रं आमच्या मोहिमेत सामील झालं. चकल्यांची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली.

संजीवनी माची ही दुर्गबांधणीतली नवलाईची गोष्ट. जवळपास अडीच किलोमीटर लांब, टप्प्याटप्प्याने खाली उतरत गेलेली, चिलखती दुहेरी तट असलेली. इथे मित्रवर्यांना काय भरतं येईल म्हणून मी कान टवकारून चालत होतो. पण वाट होती सपाटीची. दम लागायचं कारण नव्हतं. त्यामुळे शिवकालीन स्थापत्याच्या त्या ऐन नमुन्यावरून चालताना मित्रवर्य त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. टाकी गळते. सेक्रेटरी लक्ष घालत नाही. बी विंगमधल्या एकाने दोन गाड्यांची जागा अडवली आहे. अळू दरवाज्यातून बाहेर पडून तीव्र उतार लागेपर्यंत मी सोसायटीची मागची तीन इतिवृत्तं ऐकली.

राजगड आणि तोरणा यांच्यामधली सोंड लांबून पाहिली तर एका सरळ रेषेत वाटते. तिच्यावरून चालणाऱ्याला कळतं की मधे पुष्कळ रेषा आहेत आणि सगळ्या वरखाली जातात. मधेच एका खिंडीत ही सोंड वेल्ह्याकडे जाणारा गाडीरस्ता ओलांडते. या मोहिमेतलं सगळ्यांत अवघड ठिकाण कोणतं असं कोणी विचारलं तर मी ही खिंड सांगेन. कडा नाही, दरी नाही. डांबरी रस्ता आहे.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. समोर तोरण्याचा चढ दिसत होता आणि तो दिसला नसता तर बरं झालं असतं. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"वेल्ह्याला सोडू का, काका?"

मी मित्रवर्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या नजरेत आशा होती. माझ्याही असणार. जीपचं इंजिन चालू होतं, मागची सीट रिकामी होती, वेल्ह्यात मिसळ मिळते हे दोघांनाही माहीत होतं.

"याला विचारा," मित्रवर्य म्हणाले.

"मला काही नाही, याचंच बघा," मी म्हणालो.

"माझं काय? मी एकदम फ्रेश."

"मग मीही फ्रेश."

ड्रायव्हरने थोडा वेळ दोन फ्रेश माणसांकडे पाहिलं आणि गिअर टाकला. जीप वळणाआड गेली तेव्हा कुत्रं उठलं. त्याने एकदा तोरण्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि शांतपणे राजगडाच्या वाटेला लागलं. थकल्यावर कुठलाही ऐतिहासिक संदर्भ न देता परत फिरणारा आमच्यात तोच एक निघाला.

तोरणा १४०३ मीटर. पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. रडतोंडी बुरुजाकडच्या चढावर मित्रवर्यांना औरंगजेब आठवला.

"औरंगजेबाने १७०४ मध्ये... हा... लढून..."

मी थांबलो. ते थांबले. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. घेतला."

मेंगाईच्या देवळात रात्र काढली. तोरण्यावर ब्रह्मपिशाच्च आहे, असं जुने भटके शेकोटीजवळ सांगतात. मित्रवर्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही आणि हे त्यांनी झोपण्यापूर्वी पुनःपुन्हा सांगितलं. रात्री कधीतरी सॅकजवळ खसखस ऐकू आली. मी डोळे मिटूनच राहिलो. शेजारच्या स्लीपिंग बॅगेत श्वास थांबलेला ऐकू येत होता, म्हणजे तेही जागे होते. "अरे, बघ ना काय आहे" असं म्हटलं असतं तर जागा आहे हे कळलं असतं, म्हणून दोघंही पहाटेपर्यंत गाढ झोपलो. उजाडल्यावर पाहिलं तर उंदरांनी लाडवांची पिशवी कुरतडून डिंक तेवढा मागे ठेवला होता. पुऱ्या गेल्या, उरल्यासुरल्या चकल्या गेल्या. काचेच्या बरणीतली चटणी मात्र जशीच्या तशी.

"हिला सांगू नको," मित्रवर्य म्हणाले.

पुढची बुधला माचीवरून हरपूडमार्गे मोहरीपर्यंतची चाल लांबलचक. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मित्रवर्यांच्या उजव्या बुटाचा तळवा वाटेत निघाला आणि एका गुराख्याने दिलेल्या सुतळीने तो बांधला. टूथब्रशची दांडी तोडणाऱ्या माणसाने सुतळीही आणली नव्हती. मोबाइलमधल्या नकाशावर आमचा ठिपका बराच वेळ एका दरीच्या मधोमध, हवेत उभा होता. शेवटी तो नकाशा बंद करून आम्ही गुरांच्या वाटेने गेलो. गुरं बरोबर होती.

मोहरीत एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. ओसरीवर घरधनी मामा बसले होते. भाकरीबरोबर कौतुकही मिळेल या अपेक्षेने मित्रवर्यांनी पाय पसरून सुतळीचा बूट जरा पुढे ठेवला.

"कुठनं आलं म्हणायचं मंडळी?"

"राजगडावरून!" मित्रवर्य म्हणाले. "चालत! तोरण्यावरून!"

मामांनी सुपारी कातरली. "मग लई उशीर लावला," ते म्हणाले. "आन् आता?"

"आता सिंगापूरच्या नाळेने दापोलीत उतरणार."

"माझी लेक दिलीया तिकडं. ही कालच जाऊन आली सूनबाई. लेकीला पापड द्यायचे हुते."

सूनबाई आतून ताक घेऊन आल्या. पायात रबरी चप्पल होती. मित्रवर्यांनी बूट हळूच मागे घेतला. तेव्हा मला कळलं की जिथे सगळेच चालतात तिथे चालण्याचं कौतुक मिळत नसतं. त्यासाठी न चालणारा माणूस गाठावा लागतो, आणि असे लोक पुढे रायगडावर विपुल भेटणार होते. मित्रवर्यांनाही तेच सुचलं असावं, कारण सबंध दुपार ते "वर पोचू दे, मग बघ" असं पुटपुटत होते.

मोहरीजवळच्या रायलिंग पठाराच्या कडेला उभं राहिलं की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागे थेट रायगड. एवढा जवळ, की दगड मारावा. मधे दरी आहे ही गोष्ट नजरेला पटत नाही, गुडघ्यांना मात्र आधीच कळते. त्याच कडेला, एका ठरावीक धोंड्यावर, उजवा हात वर केला की मोबाइलला एक काडी रेंज येत होती. मित्रवर्यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पवित्र्यात उभं राहून स्पीकरवर घरी फोन लावला.

"ऐकतेस का? आज सिंगापूर. उद्या सकाळी दापोली."

पलीकडे शांतता. मग वहिनींचा आवाज आला, "अहो, ऊन लागलंय का तुम्हाला? शेजारी भावजी आहेत का, त्यांना द्या."

मी सांगितलं की वहिनी, हे सिंगापूर वेल्ह्याकडचं आणि ती दापोली महाड तालुक्यातली.

"बरं. चटणी संपली का?"

"संपत आली," मित्रवर्य धोंड्यावरून ओरडले आणि रेंज गेली.

सिंगापूरची नाळ म्हणजे डोंगराच्या दोन धारांमधली, दगडगोट्यांनी भरलेली उतरण. घाटावरची माणसं कोकणात उतरायला पिढ्यान् पिढ्या ती वापरत आली आहेत आणि उभ्याने वापरत आली आहेत. आम्ही तिचा बराचसा भाग बसून पार केला. या पद्धतीत तोल जात नाही, पँट जाते. उतारावर दम लागत नसल्यामुळे इतिहास पुन्हा बंद होता. सोसायटीची टाकी मात्र दापोली येईपर्यंत गळत राहिली.

काळ नदीचं खोरं, वाड्या, पुन्हा एक मुक्काम, हे सगळं होऊन एका सकाळी रायगडवाडीतून रस्त्याने निघालो आणि हिरकणीवाडीत रोपवेच्या दारातच येऊन उभे राहिलो. हा रोपवे १९९६ पासून आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर. पायऱ्यांनी जायचं तर आणखी पुढे चित्त दरवाज्याशी जायचं आणि चौदाशेच्या वर पायऱ्या. मित्रवर्य दरपत्रकापुढे उभे राहून ते अथपासून इतिपर्यंत वाचू लागले.

"माहिती असावी म्हणून बघतोय," ते म्हणाले.

मीही वाचलं. लहान मुलांचा दर, एकेरी दर, दुहेरी दर, सगळं वाचलं. सरबतवाली म्हणाली, "काका, तिकीट त्या खिडकीत."

"तुझ्या गुडघ्याचं काय?" मित्रवर्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती.

"गुडघा उत्तम. तुझ्या बुटाचं काय?"

"बूट तर आता कुठे पायात बसलाय."

सुतळी जमिनीवर लोळत होती. आम्ही पायऱ्यांकडे चालू लागलो.

रायगडाच्या पायऱ्यांवर एक आपत्ती कोसळली. मित्रवर्यांचा शिवकाल संपला. राजगड आणि तोरण्यावर त्यांनी तो इतका सढळ हाताने खर्च केला होता की ऐन राजधानीच्या चढाला शिल्लक काही नव्हतं. १६७४ चा राज्याभिषेक पहिल्या पन्नास पायऱ्यांतच उरकला. मग नाइलाजाने पुढे सरकावं लागलं. खूबलढा बुरुजाच्या आसपास पानिपत झालं. पुढच्या लिंबू-सरबताला सवाई माधवराव गेले. महादरवाजा दिसायला लागला तेव्हा १८१८ आलं, इंग्रजांनी रायगड घेतला, मराठेशाही बुडाली आणि चढ अजून बाकी होता. शेवटच्या टप्प्यात मित्रवर्यांनी खांबाला टेकून १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन केलं, तेव्हा कुठे आम्ही वर पोचलो.

वर जत्रा होती. रोपवेतून उतरलेली मंडळी पांढऱ्या बुटांत, इस्त्रीच्या कपड्यांत, होळीच्या माळावर फिरत होती. मित्रवर्यांनी सॅक खाली ठेवली नाही. मुद्दाम पाठीवरच ठेवली आणि फाटकी पँट लोकांना दिसेल अशा कोनात उभे राहिले. एक गृहस्थ कुटुंबासह आले.

"काका, आमचा एक फोटो काढता का?"

फोटो काढला. फोन परत घेताना त्यांनी सॅककडे पाहिलं. "चालत आलात वाटतं?"

"हो, चालत!" मित्रवर्य फुलले. आता एकच प्रश्न उरला होता.

"भारी. आम्हीही म्हणत होतो चालत येऊ या, पण म्हटलं कशाला," असं म्हणून गृहस्थ राजसदरेकडे गेले.

मित्रवर्यांनी डाव बदलला. आपण विचारलं की समोरच्याला उलट विचारावंच लागतं, हा आपल्याकडचा शिष्टाचार. बाजारपेठेत एका आजोबांना गाठून त्यांनी विचारलं, "आपण कुठून?"

"नाशिक. आपण?"

"राजगडाहून!"

"अच्छा, राजगुरुनगर. आमची मेहुणी असते तिथे. कांद्याचं कसं काय यंदा?"

जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. मित्रवर्य त्या पायरीजवळ बराच वेळ उभे होते. "बघ," ते म्हणाले, "यांनी विचारायची वाट नाही पाहिली. आधीच लिहून ठेवलं."

उतरताना रोपवे घेतला. पल्ला वर पोचल्यावर पुरा होतो, उतरणं त्यात धरत नाहीत, असा नियम मित्रवर्यांनी सांगितला आणि मी तो इतक्या पटकन मान्य केला की तेच जरा चमकले. पाळण्यात समोर बसलेल्या बाईंनी आमच्यापासून नाक थोडं वळवलं. त्यांनीही काही विचारलं नाही.

पाचाडला महाडची एसटी उभी होती. मागच्या बाकावर आम्ही सॅकसकट कोसळलो. गाडी सुटली. कंडक्टर मशीन घेऊन, बाकं धरत धरत आमच्यापर्यंत आला.

"कुठून?"

मित्रवर्य ताठ झाले. डोळ्यांत पाणी तरळलं, असं मी म्हणणार नाही. पण चष्मा त्यांनी पुसला.

"गुंजवणे," त्यांनी सुरुवात केली. "गुंजवण्यातून राजगड. राजगडावरून सोंडेने तोरणा. मग बुधला माची, हरपूड, मोहरी, तिथून सिंगापूर..."

मी अडवलं नाही. कंडक्टरने अंगठा मशीनवर तसाच धरून सगळं ऐकून घेतलं. मग त्याने आधी माझ्याकडे आणि मग फाटक्या पँटीकडे, सुतळीकडे, दाढीकडे पाहिलं आणि आवाज बराच खाली आणला.

"बाबा, ही गाडी सिंगापूरला जात नाही. महाड दोन देतो. पासष्टच्या पुढचे असाल तर आधार कार्ड काढा, अर्ध्या तिकिटात होईल."